गायधनींच्या तोंडातलं तेल

इंदिरानगरच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या गायधनींच्या घरी व्यायामाची सायकल आहे आणि तिच्यावर टॉवेल फार छान वाळतात. हँडलवर रुमाल, सीटवर पंचा, पेडलवर मोजे. योगासनांची चटई आहे, तिच्यावर उन्हाळ्यात कुरडया घालतात. बदाम भिजवायच्या वाटीत हल्ली मीठ असतं, आणि खास चालण्यासाठी आणलेल्या ट्रॅकपँटनं गेलं वर्षभर घरातली लादी लखलखीत ठेवली आहे. एखाद्या गृहस्थानं आयुष्यात काय काय ठरवलं होतं हे जाणून घ्यायचं असेल तर त्याला विचारू नये. त्याच्या वस्तू बायको कशाकशाला वापरते ते बघावं.

त्यामुळे डॉक्टरांनी रिपोर्ट बघून, "गायधनी, कोलेस्टेरॉल वाढलंय. एकदम मोठं काही करू नका. रोजच्या लहान लहान सवयी लावा, आयुष्यात जरा समतोल आणा," असं सांगितलं, तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या कुसुमताईंनी एकच प्रश्न विचारला.

"त्यासाठी काही विकत आणावं लागतं का?"

"नाही."

"मग करू दे त्यांना."

ढुंढिराज गायधनी विमा कंपनीत दावे तपासायच्या खात्यात होते. लोक नुकसानीची हकिगत सांगत आणि ढुंढिराज त्यातली त्रुटी काढत. हे काम त्यांच्या इतकं अंगात मुरलं होतं, की समोरच्याचं वाक्य पूर्ण होण्याची ते कधी वाटच बघत नसत. वाक्य अर्ध्यावर आलं की "पण मुळात" म्हणून ते आडवे यायचे. भाजीवालीला पण मुळात, जावयाला पण मुळात, रामकुंडावर यात्रेकरूंचं पौरोहित्य सांभाळणाऱ्या सख्ख्या चुलतभावाला तर संकल्पाच्या मध्येच पण मुळात.

त्यांचा मुलगा श्रेयस पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. गेल्या दिवाळीत तो फोनवर म्हणाला होता, "बाबा, एक सांगायचं होतं. आमच्या ऑफिसात एक..." आणि ढुंढिराज म्हणाले होते, "पण मुळात तू ऑफिसात जातोस कशाला? काम करायला ना?" त्यावर बराच वेळ मार्गदर्शन झालं. ते वाक्य तिथेच राहिलं. तेव्हापासून दर रविवारी श्रेयसचा फोन यायचा तो असा: "बाबा, बरंय ना? आईला द्या." ढुंढिराज फोन द्यायचे आणि वर्तमानपत्र उलटं-सुलटं करत बसायचे. मुलाचं एक वाक्य आपल्या घरात अर्धवट लटकून पडलंय, हे कुसुमताईंना पक्कं ठाऊक होतं. ढुंढिराजांनाही ठाऊक होतं. पण त्याचा विषय काढायचा तर आधी गप्प बसावं लागलं असतं.

असो. सवयींकडे वळू.

मोबाइलवर एक तरुण गृहस्थ सवयींवर बोलताना ढुंढिराजांना सापडले. त्यांचं म्हणणं असं, की नवी सवय सुटी ठेवू नये, ती दुसऱ्या सवयीला बांधून टाकावी. ढुंढिराजांना ही युक्ती वेळेच्या बचतीची वाटली. त्यांनी जेवढ्या सवयी सापडल्या तेवढ्यांची एकच मोळी बांधली. सकाळी उठून तिळाच्या तेलाची गुळणी तोंडात धरायची, हिरड्यांसाठी. ती धरल्या धरल्याच अनवाणी मातीवर चालायचं, तळपायांसाठी. हातात रात्रभर पाणी ठेवलेला तांब्या घ्यायचा. फेऱ्या संपल्या की तेल थुंकून ते पाणी प्यायचं आणि उरलेलं वाया जाऊ नये म्हणून झाडाला घालायचं. श्वास मोजायचा तो बोटांच्या पेरांवर. ट्रॅकपँट लादी पुसण्याच्या कामावर असल्यामुळे पांढरी लुंगी, आणि नाशिकची डिसेंबरातली थंडी म्हणून खांद्यावर शाल.

आता चालायचं कुठे? सोसायटीच्या आवारात माती एकाच ठिकाणी होती, मधोमध असलेल्या उंबराच्या झाडाखाली. पिकलेली उंबरं टपावर पडून गाडी चिकट होते, म्हणून तिथे कुणी गाडी लावत नसे. ढुंढिराज उंबराभोवती चालायला लागले. उलट्या बाजूनं चाललं की गरगरायचं, म्हणून झाड उजव्या हाताला ठेवून. आणि दिवस होता गुरुवार. हे सगळं एकेक करून तपासलं तर प्रत्येक गोष्टीला वैद्यकीय कारण आहे. पण दुरून आणि एकदम बघितलं तर काय दिसत होतं? गायधनींच्या घराण्यातला माणूस, शुभ्र वस्त्रात, अनवाणी, हातात तांब्या, बोटांवर जप, मुखी मौन, गुरुवारी, दत्ताच्या झाडाला प्रदक्षिणा घालतोय.

हे दुरून आणि एकदम बघितलं तळमजल्यावरच्या भागीबाईंनी. मुलानं फ्लॅट घेतला म्हणून त्या येवल्याकडच्या गावाहून इथे आल्या होत्या. गावात अख्ख्या आळीवर नजर ठेवायची सवय; इथे एका आवारावर भागवावं लागे. त्या खिडकीचं दार उघडून म्हणाल्या, "गुरुजी, उंबराला फेऱ्या व्हय?"

ढुंढिराज विमा कंपनीत असले तरी गायधनी म्हणजे गुरुजी, हे भागीबाईंनी आल्या दिवशीच ठरवून टाकलं होतं. आता तोंडात तेल. ढुंढिराज म्हणाले, "हं."

"अनवाणी?"

"हं हं."

"किती दिसांचं हाय?"

डॉक्टर म्हणतील तोवर, असं ढुंढिराजांना सांगायचं होतं. ते जमेना, म्हणून त्यांनी हात वर केला. डॉक्टरांचा दवाखाना रस्त्यापलीकडे, वरच्या मजल्यावर होता. भागीबाईंनी वर आभाळाकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. "त्याच्या मनात असंल तवर. बराबर हाय, बराबर."

दुपारपर्यंत बायकांचं शिष्टमंडळ कुसुमताईंकडे येऊन गेलं. नवस कशाचा, असं त्यांनी आडून आडून विचारलं. कुसुमताई पोळ्या लाटत म्हणाल्या, "मला काय ठाऊक? मला सांगून करतात का काही?" हे त्या लग्नानंतरच्या एकंदर सगळ्याच गोष्टींबद्दल बोलल्या होत्या. पण शिष्टमंडळानं एकमेकींकडे पाहिलं. गुप्त नवस! मग घरावर नजर फिरली. फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, सायकलसुद्धा आहे. नाही काय? सून नाही. झालं. निकाल जिना उतरेपर्यंत लागला.

ढुंढिराजांना हे कळलं तेव्हा ते हसले. त्यांनी संध्याकाळी भागीबाईंच्या दारात जाऊन, तोंड पूर्ण रिकामं असताना, स्वच्छ सांगितलं, "अहो मावशी, नवस वगैरे काही नाही. पण मुळात माझं कोलेस्टेरॉल वाढलंय."

भागीबाईंनी समजूतदारपणे मान हलवली. "नका सांगू. सांगितला की फळत नाय. म्या कुनाला बोलायची नाय."

नाकारण्यानं नवस पक्का होतो, हा नियम विम्याच्या कुठल्याच पॉलिसीत नव्हता. ढुंढिराज आले तसे जिना चढून गेले.

यानंतर सल्ले सुरू झाले. तिसऱ्या मजल्यावरून निरोप आला, फेऱ्या घालताना मागे वळून बघू नये. चौथ्या मजल्यानं कळवलं, झाडाला सूत गुंडाळावं. एका काकूंनी तांब्याला हळदकुंकू लावून दिलं. आता ते पाणी प्यावं कसं? भागीबाईंनी तर ढुंढिराजांना बूट घालून ऑफिसला निघालेलं पाहिलं आणि खिडकीतून इतका दुःखी आवाज काढला, की दुसऱ्या दिवसापासून हा अधिकारी हुद्द्याचा माणूस बूट पिशवीत घालून, अनवाणी स्कूटरवर बसून, फाटकाबाहेर गेल्यावर पाय झटकून ते चढवू लागला. वॉचमन तोंड फिरवून घ्यायचा. तेवढी माणुसकी त्याच्यात होती.

पण खरा घाव पडला तो मिसळीवर. दर शनिवारी ऑफिस सुटल्यावर ढुंढिराज एकटेच मिसळ खायचे, तर्री जास्त, पाव दोन जादा. ही त्यांची एकमेव अशी सवय होती जी कुणीही न लावता लागली होती आणि कधीही मोडली नव्हती. त्या शनिवारी ते पहिला घास घेणार, इतक्यात मागून आवाज आला, "काका? व्रतात कांदा-लसूण?" सोसायटीतलाच कुणीतरी. आवाजात राग नव्हता, विश्वास तुटल्याचं दुःख होतं. ढुंढिराजांनी पाव खाली ठेवला. "पार्सलसाठी थांबलोय," ते म्हणाले, आणि एवढं बोलल्यामुळे त्यांना एक पार्सल घ्यावं लागलं. ते त्यांनी वॉचमनला दिलं. मागे म्हटलेल्या माणुसकीची फेड परस्पर झाली.

जमेच्या बाजूला मात्र एक गोष्ट पडत होती, आणि ती कुसुमताईंनी सर्वांत आधी टिपली. सायकल आठवड्यात थकली होती, चटई त्याच्याही आधी. पण हे प्रकरण थांबेना, कारण थांबायची सोयच उरली नव्हती. एके सकाळी ढुंढिराज पांघरुणातून म्हणाले, "आज अंग जरा कसकसतंय." त्याच वेळी खालून भागीबाईंची हाक आली, "गुरुजी, झाडाखालचं झाडून ठिवलंय बरं का!" ढुंढिराज उठले. बायकोला आणि डॉक्टरांना जे जमलं नाही ते तळमजल्यावरून परस्पर होत होतं.

मग सोसायटीचे सेक्रेटरी नवनाथ आहेर जागे झाले. आहेरांचा उंबराखालच्या जागेवर पाहुण्यांच्या पार्किंगसाठी डोळा होता. त्यांनी ढुंढिराजांना ऑफिसात, म्हणजे जिन्याखालच्या खोलीत, बोलावलं.

"गायधनी साहेब, सामाईक जागेचा नियमित वापर करायचा तर अर्ज लागतो. कारण लिहून द्या."

ढुंढिराजांना अर्ज म्हणजे घरचंच काम. त्यांनी जागच्या जागी सुवाच्य अक्षरात कारण लिहिलं: कोलेस्टेरॉल.

आहेरांनी ते वाचून कागद परत सरकवला. "हे नाही बसत. व्यायामाला आपण गच्ची ठरवलेली आहे."

"पण मुळात गच्चीला कुलूप आहे!"

"गळतीचं काम चालू आहे ना."

"कधीपासून?"

"सुरू व्हायचंय. तोवर कुलूप." आहेरांनी टेबलावरून पुढे वाकून आवाज खाली आणला. "हे बघा साहेब, धार्मिक कारण असेल तर मला काही करता येत नाही. कमिटीतल्या सगळ्यांच्या घरच्यांचं तुमच्याकडे लक्ष आहे. माझ्याही. धार्मिक लिहा, माझ्या घरी शांतता राहील."

आयुष्यभर लोकांच्या अर्जातली खोटी कारणं लाल शाईनं खोडणाऱ्या ढुंढिराजांनी कागद पुन्हा पुढ्यात ओढला. मग त्यांनी खरं कारण खोडलं आणि धार्मिक असं लिहिलं. अर्ज ताबडतोब मंजूर झाला. आता हा नवस सही-शिक्क्यानिशी झाला होता.

मंजुरीच्या आनंदात कुणीतरी सोसायटीच्या ग्रुपवर फोटो टाकला. धुकं, उंबर, शाल, मिटलेलं तोंड. खाली मजकूर: "मुलाच्या विवाहासाठी गायधनी काकांचं खडतर व्रत. असा बाप सर्वांना लाभो." ग्रुपमधून तो दुसऱ्या ग्रुपमध्ये, तिथून तिसऱ्या, आणि शनिवारी रात्री बॅग घेऊन श्रेयस दारात.

जेवताना तो बापाकडे चोरून बघत होता. ताटात भाकरी, पालेभाजी, ताक. बाप वाळलेला दिसत होता. वाळला होताच, मिसळ बंद होती.

"बाबा, हे सगळं..." श्रेयसनं सुरुवात केली.

"पण मुळात तू न कळवता..." ढुंढिराजांनी सुरुवात केली. कुसुमताईंनी ताकाचं भांडं टेबलावर जरा मोठ्यानं ठेवलं. दोघेही जेवले आणि झोपले.

सकाळी ढुंढिराज गुळणी धरून खाली उतरले. दोन फेऱ्या झाल्या असतील, तर शेजारी पावलं वाजली. श्रेयस. चपला त्यानं जिन्याशी काढल्या होत्या.

"बाबा, तुम्ही माझ्यासाठी हे करताय म्हणून मला रात्रभर कसंतरी झालं," तो म्हणाला. "मी तुम्हाला काही सांगत नाही, आणि तुम्ही इथे अनवाणी..."

ढुंढिराजांना तत्काळ सांगायचं होतं, की अरे वेड्या, पण मुळात हे कोलेस्टेरॉल आहे. तोंडात तेल होतं. "हं," ते म्हणाले.

त्या एका 'हं'नं श्रेयस सुटला. "दिवाळीत सांगत होतो ना, ऑफिसात एक मुलगी आहे. राखी. मनमाडची. खूप हुशार आहे, बाबा. माझ्या वरच्या जागेवर आहे."

वरच्या जागेवर यावर ढुंढिराजांकडे एक मुद्दा होता. तो तेलात अडकला.

"तिचे वडील रेल्वेत होते. पगारे. बुद्धभूषण पगारे."

इथे ढुंढिराजांच्या तोंडातलं निम्मं तेल पोटात गेलं. मनात मुद्दे रांगेनं उभे राहिले: रामकुंडावरचा चुलतभाऊ काय म्हणेल, आजोबांच्या फोटोपुढे काय सांगायचं, लग्नाचे विधी कुठले. एरवी यातला प्रत्येक मुद्दा तोंडातून बाहेर पडून, खुर्ची घेऊन बसला असता. आज दार बंद होतं. मुद्दे थोडा वेळ आत घुटमळले. आणि श्रेयस बोलत राहिला. आजारी पडला होता तेव्हा तिनं डबा कसा आणला, तिच्या आईला पोरगा कसा फार बारीक वाटला, घरी सांगायचं म्हणून पुण्याहून निघून तो कसा दोनदा द्वारका चौकापर्यंत येऊन मागे फिरला.

दोनदा? ढुंढिराजांना थांबावंसं वाटलं. घर तिथून हाकेच्या अंतरावर, आणि पोरगा परत गेला. का, हे विचारायची गरज नव्हती. दावे तपासणाऱ्या माणसाला नुकसान कुणामुळे झालं ते कळतं. मुलाचा एवढा सलग आवाज त्यांनी तो शाळेत असताना पाढे म्हणायचा तेव्हा ऐकला होता. तेव्हाही मध्ये चुका काढल्या होत्याच.

"...एवढंच सांगायचं होतं," श्रेयस म्हणाला. गेल्या दिवाळीतलं वाक्य पूर्ण झालं.

ढुंढिराज पंपाच्या खोलीमागे गेले, उरलेलं तेल थुंकलं, चूळ भरली. तोंड आता पूर्ण मोकळं होतं. श्रेयस तिथेच उभा होता, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. लहानपणी रिपोर्टकार्ड दाखवताना असाच उभा राहायचा.

"पण मुळात," ढुंढिराज म्हणाले, आणि श्रेयसचा चेहरा पडला. "पण मुळात त्यांना अजून जेवायला कसं नाही बोलावलंस?"

ही बातमी तळमजल्यावरून फुटायला किती वेळ लागला असेल? भागीबाई खिडकीतच होत्या. नवस पावला! आणि पावला म्हणजे उद्यापन आलं. उद्यापन केल्याशिवाय नवस सुटत नाही, आणि गावजेवणाशिवाय उद्यापन होत नाही. ढुंढिराजांनी विरोध करायचं मनात आणलं, पण अर्ज त्यांचाच होता, सही त्यांची होती. आहेरांनी पार्किंग मोकळं करून दिलं. भागीबाईंनी पुरणाचं पातेलं ताब्यात घेतलं. कोलेस्टेरॉल उतरावं म्हणून सुरू झालेल्या एका लहानशा सवयीची सांगता अशी ठरली, की उंबराखाली पंगत बसेल आणि प्रत्येक पानावर पुरणपोळी पडेल, वर तुपाची वाटी.

पगारे मंडळींना त्याच दिवशी बोलावलं होतं. बुद्धभूषण पगारे उंच, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टातले, रेल्वेतल्या माणसासारखे वेळेच्या आधी आले. आवारातला थाट बघून मात्र ते फाटकाशीच घुटमळले. राखी आणि तिची आई कुसुमताईंबरोबर आत गेल्या. पगारे उंबरापासून अंतर राखून उभे राहिले. ढुंढिराज त्यांच्याजवळ गेले. दोघेही बराच वेळ वाढपी मंडळींकडे लक्ष असल्यासारखं दाखवत होते.

शेवटी पगारे म्हणाले, "गायधनी साहेब, स्पष्ट बोललेलं बरं. आपण नातं जोडायला आलोय. तुम्ही पोरांसाठी एवढं केलंत, ग्रुपवरचा फोटो आम्हालाही आला. पण आमच्या घरात नवस-बिवस मानत नाहीत. माझ्या वडिलांनी ते सोडलं, ते सोडलंच. आता या झाडाला नमस्कार करा म्हणालात, तर मला जमणार नाही. तुमचा अपमान व्हायला नको, म्हणून रात्रभर विचार करतोय."

ढुंढिराजांच्या तोंडात तेल नव्हतं, तरी ते त्यांचं बोलणं संपेपर्यंत थांबले. मग इकडे-तिकडे पाहून हळूच म्हणाले, "पगारे साहेब, कुणाला सांगू नका. नवस नव्हता."

"मग?"

"कोलेस्टेरॉल."

पगारेंनी त्यांच्याकडे पाहिलं. लुंगी, तांब्या, तेल, मिसळ, अर्ज, ढुंढिराजांनी सगळं सांगितलं, अगदी पिशवीतल्या बुटांपर्यंत. पगारे आधी गालातल्या गालात हसले, मग मोठ्यानं हसले, आणि मग झाडाच्याच बुंध्याला हात टेकवून, डोळे पुसत हसले. भागीबाईंनी पातेल्यावरून वर पाहून सुनेला सांगितलं, "बघ, पाव्हन्यांनी झाडाला हात लावला. डोळ्यांत पानी आलं."

"किती आहे तुमचं?" पगारेंनी विचारलं.

ढुंढिराजांनी आकडा सांगितला.

"माझं जास्त आहे," पगारे अभिमानानं म्हणाले. "आणि हे तेल, तिळाचंच लागतं का?"

त्या रात्री आग्रहानं पगारे कुटुंब मुक्कामाला राहिलं. सकाळी उंबराभोवती दोन पुरुष चालत होते, एक लुंगीत, एक इस्त्रीच्या पँटचे पाय दुमडून. दोघांचे गाल फुगलेले, दोघांची पावलं एका तालात.

भागीबाईंनी खिडकी उघडली. "अगं बया! गुरुजी, उद्यापन झालं ना? आता पुन्यांदा? आन ह्यांचा कशाचा नवस?"

उत्तर कोण देणार? वरच्या गॅलरीतून कुसुमताई म्हणाल्या, "दोघांचाही कोलेस्टेरॉलचा आहे हो, मावशी!"

भागीबाईंनी क्षणभर विचार केला आणि हात जोडले. "पावतो बरं. ह्या झाडाचा लगीच येतो गुन. मंग म्या बी करते सुरू, माझं थायरॉइड हाय." आणि त्या चपला काढायला आत वळल्या.

पुढच्या रविवारी सकाळी नेहमीच्या वेळेला फोन वाजला. कुसुमताईंनी उचलला, ऐकला, आणि त्यांचे हात कणकेचे असूनही त्या फोन घेऊन तशाच गॅलरीत आल्या. खाली ढुंढिराज तिसऱ्या फेरीत होते, मागे भागीबाई.

"अहो! श्रेयसचा फोन आहे. म्हणतोय, बाबांना दे."

ढुंढिराज जागच्या जागी थांबले. त्यांनी वर पाहिलं, तोंडाकडे बोट दाखवलं, पंपाच्या खोलीकडे पाहिलं, ती लांब होती. मग तेल तसंच तोंडात ठेवून ते लुंगी सावरत जिन्याकडे धावले.

कुसुमताईंनी फोन कानाशी नेला. "बोल रे तू," त्या म्हणाल्या. "ते येतायत. तोंडात तेल आहे. तू बोलत राहा, ते ऐकतील."